जोडीचं काम

पाऊस गेला, चारकोपात कामं निघाली आणि धोंडिरामचे पाय पुन्हा फिरले.

पावसाळाभर म्हातारा बरा होता. गवंड्याला पावसात काम नसतं, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. डोक्यातून बाकी सगळं गळून गेलं तरी तेवढं टिकलं होतं. दारात खुर्ची टाकून तो पागोळ्या बघत बसायचा. द्रौपदीला वाटलं, औषध लागू पडलं. पण गणपती गेले, आभाळ उघडलं, उन्हाचा चटका बसायला लागला, आणि एका सकाळी अर्धा चहा तसाच ठेवून धोंडिराम उठला. टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि म्हणाला, "माझी थापी कुठंय?"

"कशाला पायजे थापी?"

"कशाला म्हंजे? नाक्यावर जायाचंय. उशीर झाला की कोन इचारतं?"

मजुरीसाठी नाक्यावर जाणं सुटून वर्षं झाली होती. द्रौपदीने थापी लपवली, ओळंबा लपवला, शेवटी चपलाही लपवल्या. तर तो अनवाणी निघाला. मग तिने बाहेरून कडी घातली. तो आतून दारावर तळहात आपटत राहिला, सकाळभर, न थांबता. हात सुजले, नखाजवळ रक्त आलं. बाहेर पायरीवर बसून ती मेथी निवडत होती आणि प्रत्येक थापेला हातातली काडी अर्धी राहत होती. उघडावं तर हा पळणार, न उघडावं तर हा हात मोडून घेणार. ज्या माणसाच्या मागून भर उन्हात घमेली वाहत ती या शहरात आली, त्याचीच ती आता राखण करत होती.

दोघं बुलढाण्याकडची. चारकोपचे सेक्टर उभे राहत होते तेव्हा आली आणि त्या भिंतींवरच पोट भरलं. पुढे त्यातलीच एक खोली नशिबाने मिळाली. मुलगा आकाश तिथेच वाढला आणि गोरेगावला सिनेमाच्या स्टुडिओत सेटिंगच्या खात्यात लागला. तो प्लायच्या भिंती उभ्या करायचा, त्यावर रंग मारायचा, शूटिंग संपलं की मोडून टेम्पोत भरायचा. बाप पूर्वी हसायचा, म्हणायचा, "टेकून बसू नका रे कोनी, पडाल!" सून संघमित्रा बोरिवलीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये. सकाळी दोघं डबे घेऊन निघाली की दिवस द्रौपदीच्या अंगावर.

त्या दुपारी तिचा जरा डोळा लागला. कडी घालायची राहिली. उठली तेव्हा खुर्ची रिकामी आणि स्वयंपाकघरातलं उलथणं गायब.

गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली तेव्हाच तिला कळलं. सोसायटीच्या कुंपणभिंतीला नुकतंच प्लास्टर करून पिवळा रंग दिला होता. गवंडी जुनी भिंत बोटाने ठोकून बघतो, आवाज पोकळ आला की तेवढं प्लास्टर पाडतो आणि मग सिमेंट-वाळूचा नवा माल भरतो. धोंडिरामने तेच केलं होतं. फक्त भिंत पोकळ नव्हती. कान आता त्याला काहीही सांगत होता. उलथण्याच्या दांड्याने त्याने पुरुषभर उंचीचं धडधाकट प्लास्टर खरवडून, ठोकून खाली पाडलं होतं आणि डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखून तो ओरडत होता, "माल आन गं! सुकंल ना भिंत! माल कुठंय?"

सोसायटीचा सेक्रेटरी जयवंत समोर उभा होता. मालवणकडचा, गिरणीतून सुटलेला, माणूस भला, पण आज त्याचाही तोल गेला होता.

"वैनी, माझा काय म्हणणा नाय," तो म्हणाला. "धोंडिरामाक मी आज वळखतंय? पण लोकांका काय सांगू मी? हेंका कोणीतरी सांभाळूक नको?"

"सांभाळते ना भाऊजी."

"ह्या सांभाळणा?"

कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. द्रौपदी घरी जाऊन झाडू आणि घमेलं घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत ढिगारा भरायला बसली. कोणी पुढे झालं नाही. धोंडिरामने तिच्याकडे बघितलं, घमेल्यात डोकावून पाहिलं आणि तो रागावला, "ह्यो कसला माल? नुसती वाळू हाय!"

त्या संध्याकाळी आकाशने फोनवर बोलून सगळं ठरवून टाकलं. बदलापूरच्या पुढे अशा माणसांसाठी एक घर होतं. चोवीस तास बाया, डॉक्टर, भोवती उंच कुंपण. एक जागा रिकामी होती.

"सोमवारी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "आई, बस झालं यार. उद्या ते रस्त्यावर गाडीखाली गेले म्हणजे?"

"ह्यो सोमवार नगं. पुढचा."

"त्यानं काय होणार आहे?"

"मला बघू दे. न्हाई जमलं तर ने."

संघमित्रा कणीक मळत होती. ती म्हणाली, "राहू दे आकाश, आठवडाच आहे." आणि मग सासूकडे न बघता, "पण आई, तुमचा चेहरा बघा एकदा आरशात." द्रौपदीला ते लागलं, कारण ते खरं होतं.

शनिवारी संघमित्राला सुट्टी होती, तेव्हा म्हाताऱ्याला तिच्यापाशी ठेवून द्रौपदी बोरिवलीला गेली. तिथे एका हॉलमध्ये अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांची बैठक भरायची. संघमित्राच्या लॅबमुळे पत्ता लागला होता. धोंडिरामला दिवसभर तिथल्या केंद्रात ठेवायचाही प्रयत्न झाला होता. पण रंगीत मणी ओवायला दिल्यावर त्याने ते खिशात घातले, भिंती ठोकत ठोकत दार गाठलं आणि वॉचमनला ढकललं. तेव्हापासून द्रौपदी एकटीच यायची आणि मागच्या खुर्चीवर बसायची. पुढच्या बायका नवऱ्यांबद्दल, सासवांबद्दल बोलत, रडत. तिला रडायची लाज वाटे, पण ऐकून बरं वाटे. आपल्यासारखीच वाट लागलेली इतकी माणसं आहेत म्हणून.

बैठक घेणारी ऋता मॅडम तिशीची पोर होती. द्रौपदीने कडीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, कडी नको. ते पळून जात नाहीयेत, कुठेतरी पोचायला बघतायत. अडवलं की घाबरतात, घाबरले की मारतात. एक दिवस सोबत जाऊन बघा. कुठे जातात, काय झालं की परत फिरतात."

"सोबत जाऊ? रोज? मंग माझं कोन करनार? तुमी?"

सगळ्या वळून बघायला लागल्या. उगाच गोड बोलायची ऋताला सवय नव्हती, हे तिचं चांगलं होतं. "माझ्याकडे याचं उत्तर नाही, आजी," ती म्हणाली. "पण हा प्रश्न तुम्ही घरी विचारा. मला नका विचारू." मग तिने आकाशचा नंबर लिहिलेला एक बिल्ला दिला, धोंडिरामच्या गळ्यात अडकवायला.

सोमवारी सकाळी द्रौपदीने थापी काढून त्याच्या हातात दिली. म्हणाली, "चला."

त्याचा चेहरा असा उजळला की तिला आठवड्याभराच्या शिव्या मागे घ्याव्याशा वाटल्या.

नाका होता तसाच होता. रोलर आणि ब्रश घेऊन रंगारी, हातोडे घेतलेले फरशीवाले, घमेल्यात डबा ठेवून बसलेल्या बिगारी बाया. टेम्पो थांबला की सगळे धावत. मुकादम नावाकडे बघत नाही, दंडाकडे बघतो. धोंडिराम गर्दीत शिरला आणि हार्डवेअरच्या दुकानाशी आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. द्रौपदी शेजारी उभी राहिली. पूर्वी ती दोघं अशीच उभी राहायची. जोडी घेणं मुकादमालाही सोयीचं पडे: बाई माल कालवून देते, बाप्या लावतो, भांडण नाही, खोळंबा नाही.

"जय भीम, दादा!" काशीराम पुढे आला. हा म्हातारा रंगारी धोंडिरामला चांगला ओळखत होता. आजाराचं त्याने ऐकलं होतं. द्रौपदीने नजरेने सांगितलं, त्याने मान हलवली.

मुकादम आले, माणसं निवडून घेऊन गेले. पांढऱ्या केसांच्या गवंड्याकडे कोणी बघितलं नाही. धोंडिराम प्रत्येक टेम्पोला ताठ होत होता. ऊन दुकानाच्या पायरीवर आलं, तसा काशीरामने रोलर पिशवीत घातला. "चला दादा, खाडा पडला आज."

हा नाक्याचा कायदा. ऊन पायरीवर आलं की मुकादम येत नाही. मग उरलेल्यांनी खाडा म्हणायचं आणि घर गाठायचं. यावर कोणी वाद घालत नाही. धोंडिरामनेही घातला नाही. "पडला तर पडला," म्हणाला आणि निमूट वळला. घरी येऊन पोटभर जेवला आणि दुपारभर झोपला. द्रौपदी त्याच्याकडे बघतच राहिली. कडीने जे झालं नाही ते दोन शब्दांनी झालं होतं.

मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. पण सुख असं पचतं होय? बुधवारी संघमित्रा स्कूटीवरून कामाला निघाली आणि सिग्नलला तिने सासूला बिगारी बायांच्या रांगेत पाहिलं. एक मुकादम तेव्हाच द्रौपदीला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणत होता, "म्हातारे, वाळू चाळशील का?" संघमित्राने मान फिरवली. संध्याकाळी तिने ते आकाशच्या कानावर घातलं. आकाश बोलला.

"आई, लोक काय म्हणतील? मी काय तुला उपाशी ठेवतो?"

"पायरीवर ऊन येस्तोवर उभी ऱ्हाते. मंग गुमान घरी येतात. तुझ्या गाडीत बसतील का असे?"

"आणि तू किती दिवस उभी राहणार?"

पाय तर खरंच भरून आले होते. पहाटेपासून त्याच्या मागे, दुपारी तो झोपला की धुणीभांडी, आणि रात्रभर कान दाराकडे. ऋताचा प्रश्न घरी विचारावा असं तिच्या ओठांवर आलं, पण आकाश जेवत होता. जेवणाऱ्या पोराला काय टोचायचं म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

शुक्रवारी काशीरामला सकाळीच काम लागलं. द्रौपदीला पोटात कळ आली. अगदी राहवेना तेव्हा ती शेजारच्या बाईला "बघ गं जरा" म्हणून सार्वजनिक शौचालयाकडे धावली. परत आली तर तीही बाई नव्हती आणि धोंडिरामही नव्हता.

"गवंडी पायजे व्हता एकाला घाईत," कोणीतरी म्हणालं. "तुमचं म्हातारं उडी मारून बसलं की टेम्पोत."

कुठला टेम्पो, कुठलं काम, कोणाला ठाऊक नाही. द्रौपदी चारकोपभर फिरली. जिथे वाळू दिसेल, परांची दिसेल तिथे शिरली. आकाश शूटिंग सोडून आला. पोलिसांत कळवलं. दुपार कलली तेव्हा फोन वाजला. गोराईच्या वाटेवरच्या एका बांधकामावर कोणाला तरी शर्टाच्या आत तो बिल्ला सापडला होता.

धोंडिराम विटांच्या थप्पीवर बसला होता. अनवाणी ओल्या सिमेंटात उभं राहून पाय पोटऱ्यांपर्यंत भाजल्यासारखे लाल झाले होते. मुकादम आकाशच्या अंगावर आला.

"असली माणसं नाक्यावर उभी करता? लाज नाही वाटत? वरून खाली पडला असता तर माझ्या गळ्यात आलं असतं! काम नाही न धाम नाही, दिवसभर एकच धोशा, माझी जोडी कुठंय, माझी जोडी कुठंय."

आकाश मान खाली घालून ऐकत होता. स्टुडिओत त्याच्या हाताखाली माणसं होती. असं कोणी त्याला बोललं नव्हतं. द्रौपदीने पिंपातलं पाणी घेतलं आणि धोंडिरामचे पाय धुवायला बसली. झोंबलं तसं त्याने पायानेच तिला ढकललं. ती मागे वाळूत पडली. कोपर खरचटलं. ती तशीच पडून राहिली, कारण उठायचं बळच नव्हतं, आणि वाळू मऊ लागत होती.

"ने त्यांना सोमवारी," ती म्हणाली.

रविवारी तिने त्याची पिशवी भरली. सदरे, लुंगी, पायाचं मलम. भरताना तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट एक हलकेपणा येत होता आणि त्याची तिला शरम वाटत होती. तिला झोपायचं होतं. दाराकडे कान न ठेवता, पाय पसरून, मेल्यासारखं झोपायचं होतं. बाकी काही नको होतं तिला.

अडचण एकच होती. गाडी म्हटली की दवाखाना, हे धोंडिरामच्या डोक्यात बसलेलं. तो बसेना झाला की दोघा-तिघांनी धरून कोंबायचं का? तेव्हा उपाय द्रौपदीनेच काढला.

"गाडी नाक्यावर आन," ती आकाशला म्हणाली. "मुकादम हो. मुकादमाचं ऐकतात ते."

सोमवारी ती दोघं नेहमीच्या जागी उभी राहिली. पांढरी गाडी आली आणि कडेला थांबली. आकाश उतरला. त्याने गॉगल लावला होता. तेवढीही गरज नव्हती, बापाने त्याला ओळखायचं कधीच सोडून दिलं होतं. पिशवी आधीच गाडीत होती. काशीराम दुसरीकडे बघायला लागला.

"गवंडी पाहिजे होता," आकाश म्हणाला.

"मी हाय ना." धोंडिराम पुढे झाला. "काम कसलं?"

"प्लास्टरचं."

"आतलं का भायेरचं?"

"आतलं."

"बरं. किती दिस चालंल?"

आकाशने आईकडे बघितलं. द्रौपदीने मान वळवली.

"बरेच दिवस, काका," तो म्हणाला. "बसा."

धोंडिरामने थापी कमरेला खोचली. दार उघडलं, एक पाय आत टाकला. द्रौपदीने डोळे मिटून घेतले. जा बाबा, ती मनात म्हणत होती, जा लवकर, मागं बघू नको.

"ए, बस की," धोंडिरामचा आवाज आला.

तिने डोळे उघडले. तो गाडीत अर्धा वाकून तिच्याकडे बघत होता.

"एकालाच काम आहे, काका," आकाश म्हणाला.

"एकाला? मंग माल कोन देनार?"

"तिथं बायका आहेत."

"असतील." धोंडिरामने पाय बाहेर काढला. "माझी ही हाय."

"कोण लागते तुमची ही?" आकाशने विचारलं. का विचारलं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

धोंडिराम द्रौपदीकडे बघत राहिला. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. नाव शोधत होता, सापडत नव्हतं. नातंही सापडत नव्हतं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"जोडी हाय," तो शेवटी म्हणाला. "हिला सोडून मी काम घेत नसतो. जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या, साहेब."

आणि तो परत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून.

द्रौपदीला आधी राग आला. मेल्या, माझं नाव आठवंना तुला, पोराचं तोंड आठवंना, आन् हेच बरं आठवलं? आता तरी सोडायचं होतंस मला! मग गळ्यातून हुंदका फुटला आणि भर नाक्यावर, बिगारी बायांच्या देखत, ती तोंडाला पदर लावून रडली. मुकादम होऊन फसव असं पोराला तिनेच सांगितलं होतं. चोरासारखं वाटत होतं तिला.

आकाशने गॉगल काढला. "आई, काय करू? तूच म्हणालीस ना..."

"म्हनले व्हते." तिने नाक पुसलं. "मला झोप पायजे, आकाश. दुसरं काय बी नगं मला. पर ह्यांना असं धाडून मला झोप लागनार न्हाई. पिशवी काढ गाडीतली."

"आणि मग? परत तेच? तू पडशील एक दिवस."

"पडनारच हाय. म्हनून तू उभं ऱ्हायाचं आता. आज, आन् एक दिसाआड. संघमित्राची सुट्टी आसंल तवा ती."

"मी? नाक्यावर?" त्याने आजूबाजूला बघितलं. सगळा नाका त्याच्याकडे बघत होता. "आई, माझा जॉब..."

"दुपारची पाळी घे. फसवायला मुकादम व्हता आलं न्हवं तुला? मंग आता बिगारी हो."

आकाशने गाडीतली पिशवी काढली आणि ड्रायव्हरला जायला सांगितलं. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो तिकडेच बघत होता. "ऋता मॅडमचा नंबर दे," तो पुटपुटला. "मी दुपारी कामावर गेल्यावर त्यांचं काय करायचं ते तरी विचारतो."

द्रौपदीने नंबर दिला. मग ती धोंडिरामसमोर उभी राहिली. "मी आज येत न्हाई कामाला," ती म्हणाली. "अंग मोडून आलंय. ह्यो पोरगा देईल तुमाला माल."

धोंडिरामने आकाशला न्याहाळलं. त्याचा हात धरून तळवा उलटा केला, अंगठ्याने दाबून बघितला. "कच्चा हाय," म्हणाला. "शिकंल." मग द्रौपदीला बजावलं, "उद्या ये पर. येळंवर."

"येते."

ती निघाली. कोपऱ्यावर जाऊन तिने एकदा वळून बघितलं. आकाश पिशवी छातीशी धरून बिगारी बायांच्या रांगेत अवघडून उभा होता आणि बाप त्याला दंडाला धरून पुढे ओढत होता, टेम्पो येताना दिसला म्हणून. काशीराम त्यांच्या अगदी जवळ येऊन थांबला होता.

घरी येऊन द्रौपदीने चटई टाकली. दाराला कडी घातली नाही. संध्याकाळी संघमित्रा कामावरून येऊन हलवेपर्यंत ती उठली नाही.